जोड डावीकडे

आईने कुलूप काढलं, कडी सरकवली आणि बाजूला झाली. दार तिच्या लेकीने, टाचणीने, पायानेच ढकललं, कारण तिच्या हातांत फाटक्या पोत्यांचा एवढा ढीग होता की त्याच्यावर फक्त तिचं कपाळ दिसत होतं.

"आज खिडकीजवळचं मशीन माझं हं, आधीच सांगून ठेवते," ती ढिगामागून म्हणाली.

टाचणीने ढीग धपकन खाली टाकला आणि समोर बघितलं.

खिडकीजवळचं मशीन नव्हतं. भिंतीजवळचं नव्हतं. मधली तीनही नव्हती. पाच लोखंडी स्टँड ओळीने उभे होते, पायडल, चाकं सगळं जागच्या जागी, आणि वर फळीत नुसतं चौकोनी भगदाड. पाच जणांची मुंडकी उडवावीत आणि धडं तशीच उभी ठेवावीत, तसं दिसत होतं ते.

"आई गं!" टाचणी ओरडली. "आई, चोरी!"

आई ओरडली नाही. ती सरळ मागच्या भिंतीकडे गेली. तिथे ओळीने पाच खिळे होते आणि पाच खिळ्यांना मशिनांचे पाच चामडी पट्टे टांगलेले होते. आई त्यांच्यापुढे उभी राहिली ती राहिलीच. टाचणीला वाटलं, धक्क्याने तिचं डोकं चालेनासं झालं.

"पट्टे सोडून गेले बघ, मूर्ख कुठले! आई, ऐकतेस का?"

"ऐकते," आई म्हणाली. "जा, पाळकसाहेबांना बोलावून आण. आणि धावू नकोस, पडशील."

टाचणी अर्थातच धावली.

तिला टाचणी म्हणायचं कारण कोणाला सांगावं लागत नसे. अंगाने बारीक आणि जिभेने टोकदार. दहावीत होती. दोन महिन्यांपूर्वी शाळेत सगळ्यांपुढे उभं राहून तिने पाठ न केलेलं भाषण ठोकून दिलं होतं, टाळ्या पडल्या होत्या, आणि तेव्हापासून गप्प बसणं म्हणजे काय ते ती विसरूनच गेली होती. तिची आई मात्र जन्माची अबोल. आईला गाव शिवणबाई म्हणे. चर्चला लागून जो हॉल होता त्यात ती गेली बारा वर्षं बायका-मुलींना शिवण शिकवत होती. त्याच हॉलात गावाची मोठी भांडी असत, शिड्या असत, औषध फवारायचे पंप असत, आजाऱ्याला न्यायची डोली असे. ज्याला जे लागेल त्याने न्यावं, काम झालं की पुसून आणून ठेवावं. प्रार्थनेला कधी न फिरकणारे लोकही भांडी न्यायला बिनधास्त येत. भिंतीवर निळ्या रंगात मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, 'हे सगळ्यांचं आहे'. आणि हॉलची किल्ली शिवणबाईच्या घरी, दाराच्या आतल्या बाजूच्या खुंटीला. कोणीही यायचं, "किल्ली नेते गं!" म्हणून बाहेरूनच ओरडायचं आणि घरात कोणी नसलं तरी हात घालून काढून न्यायचं. बारा वर्षांत एक चमचा इकडचा तिकडे झाला नव्हता.

आता सुगी तोंडावर आली होती. आभाळ रोज दुपारी काळं होत होतं. पीक कापून शेताशेतांत पडलं होतं, ते भिजायच्या आत पोत्यांत भरायला हवं होतं, आणि गावची निम्मी पोती उंदरांनी कुरतडलेली. ती शिवायचं काम हॉलवर होतं. पाच मशिनं, दहा बायका, आठ दिवस. असा हिशेब होता.

पाळकसाहेब एका पायात चप्पल आणि एका पायात बूट घालून आले. सडपातळ, मऊ स्वभावाचा माणूस; कोणाला रागवायचं झालं तर आधी स्वतःच माफी मागणारा. "असं कसं झालं?" असं त्यांनी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा शिडीकडे बघून. तोवर दारात माणसं जमली होती. काल सगळं गाव रानात होतं. भर दुपारी एक टेम्पो हॉलशी उभा होता, तो सायकलवाल्याने आपल्या डोळ्यांनी पाहिला होता.

"मग विचारलं नाहीस?" कोणीतरी त्याला म्हणालं.

"मला वाटलं पोती चाललीत. उलट मी हात केला त्यांना. त्यांनीही केला."

गिरणीवाली पुढे आली. तिची पिठाची गिरणी होती, चर्चच्या पंचांत ती होती, आणि गिरणीच्या आवाजात बोलायची सवय असल्यामुळे ती कुठेही तशीच बोले. तिने कुलूप हातात घेतलं, उलटंसुलटं केलं.

"ओरखडासुद्धा नाही. किल्लीने उघडलंय."

सगळ्यांच्या नजरा हळूहळू शिवणबाईवर जाऊन थांबल्या.

"किल्ली तर कोणीही नेतं!" ती म्हणाली. "काकू, परवा तुम्हीच नेली होती की!"

"मी आणून लावली होती, बाळ."

पाळकसाहेब घाईघाईने म्हणाले, "रविवारी प्रार्थनेनंतर सगळे मिळून बसू. तोवर मशिनं सापडली तर देवाची कृपा. नाही तर पोलिसांत जावंच लागेल, आणि किल्लीचंही काय ते ठरवू. तोवर ती... माझ्याकडे असू दे का, बाई?"

आईने कमरेची किल्ली काढून दिली. बारा वर्षांत ती कोणी मागितली नव्हती.

बुधवारी हातशिलाई सुरू झाली. इलाजच नव्हता. हॉलात सतरंजी पसरून दहा बायका दाभण आणि सुतळी घेऊन बसल्या. मशीनवर जे पोतं बोलता बोलता व्हायचं त्याला आता अर्धा तास लागत होता. दाभण तळहातात घुसत होती. धुळीने शिंका येत होत्या, मान अवघडत होती, आणि सुतळी ओढून ओढून करंगळीच्या खाली चिरा पडल्या होत्या. टाचणीने शाळा बुडवली होती. तिने हाताला चिंधी गुंडाळली आणि म्हणाली, "चोर सापडला ना, तर त्याला अशी शंभर पोती शिवायला बसवीन. दाभणीशिवाय."

दहाच्या गाडीने डावरी आली. दारातूनच तिने हंबरडा फोडला आणि येऊन आईच्या गळ्यात पडली. "बाई, माझ्या कानावर आलं, घास उतरेना हो मला!"

टाचणीलाही तिला बघून भरून आलं. डावरी मावशी म्हणजे घरातलीच. सहा वर्षांपूर्वी नवऱ्याने घराबाहेर काढली तेव्हा अंगावरच्या कपड्यांनिशी ती या हॉलच्या पायरीवर येऊन बसली होती. हॉलच्या मागच्या खोलीत ती दोन वर्षं राहिली, जेवायला यांच्याकडे. डावखुरी असल्यामुळे तिला शिवण जमेना. कात्री उलटी, सुई उलटी, सगळ्या बायका हसायच्या. तेव्हा आई तिच्यासमोर, तोंडाला तोंड करून, आरशासारखी बसली आणि स्वतः सगळं डाव्या हाताने करून तिला शिकवलं. महिनाभर आईच्या डाव्या हाताची बोटं टोचून टोचून फुगलेली होती. मग डावरी अशी तयार झाली की काजं करावीत तर तिनेच. पुढे गावातच खोली घेऊन राहिली, आणि दोन महिन्यांपूर्वी ती बाजाराच्या गावी, दुकानदार भावाकडे राहायला गेली होती.

आईने तिला आपल्याशेजारी जागा करून दिली. दिवसभर दोघी खांद्याला खांदा लावून शिवत होत्या. आई मधूनच विचारायची, "बरी आहेस ना? भाऊ नीट वागतो ना?"

"हो बाई."

थोड्या वेळाने पुन्हा, "काही सांगायचंय का तुला?"

"मी काय सांगणार, बाई? मीच तुमचं ऐकायला आले."

आई मान हलवून दाभण घालायची. चार वेळा तरी विचारलं असेल. टाचणीला वाटलं, किती ही माया! स्वतःचं घर जळतंय आणि दुसरीला विचारतेय, तुला चटका तर नाही ना लागला!

संध्याकाळच्या गाडीने डावरी गेली. जाताना टाचणीच्या चिंधीवर फुंकर घालून गेली.

गुरुवारी बाबा सकाळी गेले आणि तासाभरात परत आले. ते मळणीच्या मशीनवर कामाला होते. पायऱ्यांवर बसून त्यांनी डोक्याचं फडकं सोडलं, झटकलं, पुन्हा बांधलं, पुन्हा सोडलं.

"काय झालं?" आईने विचारलं.

"मालक म्हणाला, चार दिवस घरी बस. म्हणाला, माझा विश्वास आहे तुझ्यावर, पण लोक बोलतात." बाबा हसल्यासारखं करत म्हणाले, "विश्वास आहे म्हणाला. दोनदा म्हणाला."

आणि दुपारी गिरणीवाली आली, दोन पंचांना घेऊन.

"हे बघा शिवणबाई, मनात काही आणू नका. घर एकदा बघून घेतलं की लोकांची तोंडं बंद होतील. तुमच्याच भल्यासाठी."

"घरात पाच मशिनं कुठे लपवणार?" टाचणी उसळली. "तव्याखाली?"

"टाचणे," आई म्हणाली. "बाजूला हो."

घर दोन खोल्यांचं. बघायला किती वेळ लागणार? पंच दोघे उंबऱ्यातच ओशाळून उभे राहिले, पण गिरणीवालीने अंथरुणं उचलली, पाण्याच्या पिंपात डोकावली आणि मग कोपऱ्यातल्या पत्र्याच्या पेटीपुढे बसली. पेटीत मशीन मावणार नाही हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. तिने झाकण उघडलं. आईची दोन चांगली लुगडी, कापडाचे तुकडे, बाबांचा जुना स्वेटर. सगळ्यांत खाली, पांढऱ्या फडक्यात, एक वीतभर लांबीचं झबलं. पिवळं, गळ्याला बारीक टीप घातलेलं. गिरणीवालीने ते दोन बोटांनी उचललं आणि खाली काही दडलंय का बघायला झटकलं.

टाचणीने ते कधी बघितलं नव्हतं. पण आईचा चेहरा बघून तिला कळलं. तिच्या आधी एक होतं, जगलं नाही, एवढंच तिला माहीत होतं. आईने हात पुढे केला, झबलं घेतलं, घडी घातली. घडी चुकली. आईची घडी चुकलेली टाचणीने जन्मात पाहिली नव्हती. तिने पुन्हा घातली.

"झालं?" आईने विचारलं.

"आम्हाला काय हौस आहे का?" गिरणीवाली उठत म्हणाली. आता जरा चिडूनच, कारण काही सापडलं नव्हतं. "तुमच्या डावरीनेच काल गाडीला जाताना विहिरीवर सांगितलं मला. म्हणाली, बाईंवर संशय घेताना जीभ झडेल माझी, पण किल्ली त्यांच्याकडे असते हेही खरं, आणि घरात अडचण आहे हेही खरं. घरचं माणूसच असं म्हणतंय तर आम्ही काय करायचं?"

ती गेली. टाचणी उभीच होती. तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. डावरी मावशी असं म्हणाली? जिने काल हातावर फुंकर घातली? का म्हणाली?

ती हॉलकडे निघाली. हातशिलाई चालू असल्यामुळे हॉल उघडा होता, बायका जेवायला गेल्या होत्या. मागच्या भिंतीशी जाऊन, मंगळवारी आई उभी होती तिथेच ती उभी राहिली.

आईचा एक पाढा होता. नवी बाई शिकायला आली की पहिल्या दिवशी तिला तो पाठ करावा लागे. मशीन स्टँडवरून उचलायचं असेल तर आधी सुई वर, मग दाब वर, मग पट्टा काढ, एक पीळ दे, दुमड, खिळ्याला लाव, जोड उजवीकडे; मगच मशीनच्या डोक्याला हात. पट्ट्याची दोन टोकं जिथे तारेने जोडलेली असतात तो जोड. तो उजवीकडे राहिला की पट्टा परत चढवताना अंधारातही सापडतो, असं आईचं म्हणणं. मुली हे बेच्या पाढ्याच्या चालीवर म्हणून तिची चेष्टा करत. पण वर्षभरात ते हातात असं भिनत असे की मशीन दुसऱ्याच्या घरचं असलं तरी बाई आपोआप खिळा शोधायची.

कुठला चोर असं करील? चोराने पट्टे उपटून फेकले असते, नाही तर कापले असते. इथे मात्र पाचही पट्टे पीळ देऊन, दुमडून, शिस्तीत खिळ्यांवर होते. चोरी करताना हाताला सवय आवरली नव्हती.

आणि पाचही जोड डावीकडे होते.

टाचणी घरी आली तेव्हा आई भांडी घासत होती.

"तुला माहीत होतं," टाचणी म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक निघाला की तिला स्वतःलाच ओळखू आला नाही. "मंगळवारपासून माहीत होतं."

आईने राखेचा हात कपाळाला लागू न देता मनगटाने केस मागे सारले. "हो."

"आणि तू तिला शेजारी बसवलंस! काम दिलंस! आई, ती तुझ्या शेजारी बसून रडली!"

"वाटलं, सांगेल. चार वेळा विचारलं मी."

"तू सांगायचं ना सगळ्यांना! त्यांनी आपली पेटी उघडली, आई! बाबांना काढलं!"

"मला वाटलं, तिच्या तोंडून आलं तर ते कबूल करणं होईल. माझ्या तोंडून आलं तर चोर पकडणं होईल." आई बराच वेळ घासलेलं ताटच पुन्हा घासत राहिली. "चूक झाली माझी. उद्या जाऊ."

शुक्रवारी सकाळच्या गाडीने दोघी बाजाराच्या गावी उतरल्या. डावरीच्या भावाचं दुकान शोधायला लागलंच नाही. बसस्टँडसमोरच नवा, ताजा रंगवलेला फलक होता, 'शिवण क्लास आणि ब्लाऊज सेंटर'. आत टेबलांवर चार मशिनं घुरघुरत होती. खाली मोटारी बसवल्या होत्या. म्हणूनच चामडी पट्ट्यांची गरज पडली नव्हती. टाचणीने एका नजरेत सगळी ओळखली. एकाच्या बुडाला तिने पाचवीत असताना खिळ्याने फूल कोरलं होतं आणि त्यासाठी मार खाल्ला होता.

मध्ये डावरी उभी होती, एका मुलीच्या खांद्यावर वाकून. "घाई नको गं, कापड आपणहून पुढे जातं, आपण नुसती वाट दाखवायची," ती म्हणत होती. हे वाक्य आईचं होतं. शब्द न् शब्द.

तिने मान वर केली आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. मग ती चटकन पुढे आली, दोघींना बाहेर घेऊन गेली, दुकानाच्या बोळात.

"बाई, ओरडू नका, पोरी आहेत आत."

"मी कधी ओरडले गं?" आई म्हणाली.

डावरी पदराशी चाळा करत होती. "तुम्ही सोमवारी रानात होतात. खुंटीवरून किल्ली घेतली, काम झाल्यावर परत लावली. बाई, ते सगळ्यांचं आहे असं भिंतीवर लिहिलंय की नाही? मग मीही सगळ्यांतलीच. दोन वर्षं तिथे झोपले मी. माझ्या वाटणीचं नेलं असं समजा."

"तुझ्या वाटणीला पाच आली?"

"भावाने सांगितलं, मशिनं आण तर घरात राहा. नाही तर तुझी तू बघ. मी काय करू?"

"मागितलं असतंस तर एक दिलं असतं. पंचांशी भांडून दोन दिली असती."

"दोन!" डावरीच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाजाला धार आली होती. "जन्मभर तुमच्या दोनवर जगायचं का मी? बाईंची डावरी, बाईंनी ठेवून घेतलेली, बाईंनी शिकवलेली. इथे मला पोरी बाई म्हणतात. मी बाई आहे इथे!"

टाचणीला काहीतरी खणखणीत बोलायचं होतं. रात्रभर तिने शब्द जुळवले होते. पण समोर उभी असलेली बाई आतून कुठून तरी खरं बोलत होती, आणि ते खरं इतकं कडू होतं की जुळवलेले शब्द सगळे पळाले. एवढंच बाहेर पडलं, "मग विहिरीवर तसं का बोललीस? मशिनं नेलीस ती नेलीस, आईचं नाव का घातलंस?"

डावरीने तिच्याकडे बघितलं नाही. "कोणाचं तरी नाव येणारच होतं," ती भिंतीला म्हणाली. "बाईंचं नाव मोठं आहे, सोसेल असं वाटलं."

आई तेवढ्याने एक पाऊल मागे सरली. चोरी तिला मंगळवारीच कळली होती. आपलंच नाव मुद्दाम निवडलं, हे आज कळलं.

"बाई, ऐका ना," डावरीने तिचा हात धरला. "तुम्ही म्हणा, मीच दिली होती चालवायला, सांगायचं राहून गेलं. तुमचा शब्द कोणी मोडणार नाही. पोती मी इथे शिवून देते सगळी, दोन दिवसांत. म्हणा ना, बाई."

आईने हात सोडवून घेतला. "तुला सगळं शिकवलं, खोटं बोलायला नाही शिकवलं. आता तू मला शिकवायला निघालीस होय?" आणि ती वळली.

आईकडून सगळं कळल्यावर शनिवारी पाळकसाहेब ट्रॅक्टर घेऊन गेले. भावाने आधी आरडाओरडा केला, मग पोलिसांचं नाव निघताच मुकाट्याने मशिनं ट्रॉलीत चढवू दिली. चार मिळाली. पाचवं त्याने विकलं होतं. डावरी कुठे दिसली नाही. शिकायला आलेल्या मुली म्हणे रस्त्यावर उभ्या राहून बघत होत्या.

रविवारी प्रार्थना संपली आणि सगळे उठून हॉलात आले. बसायला जागा नव्हती. जे कधी प्रार्थनेला येत नसत तेही आले होते, भिंतींना टेकून, दारात, खिडकीच्या गजांना धरून. टाचणीने वेणी घट्ट घातली होती. तिचं भाषण तयार होतं. आई बोलणार नाही याची तिला खात्री होती, म्हणून ती बोलणार होती, गिरणीवालीचं नाव घेऊन, पेटीचं, झबल्याचं, सगळं.

पाळकसाहेबांनी काय घडलं ते थोडक्यात सांगितलं. डावरीचं नाव घेताना त्यांचा आवाज अडखळला. लोकांत गलका झाला. "तरी मला वाटतच होतं!" "तिची नजरच तशी!" "नवऱ्याने उगाच का काढली असेल!" मंगळवारी शिवणबाईकडे बघणारी तीच तोंडं आता डावरीकडे वळली होती. वळायला त्यांना काही त्रास झाला नव्हता.

गिरणीवाली उठली. "मी आधीच म्हटलं होतं, घर बघितलं की तोंडं बंद होतील. झाली की नाही? शिवणबाईंचं नाव धुतल्यासारखं स्वच्छ झालं." ती आईकडे बघून मनापासून हसली. खरंच मनापासून, तेच तर वाईट होतं. "झालं गेलं विसरा आता, बाई. मळणीवालेही म्हणतात, तुमच्या यजमानांना उद्यापासून पाठवा कामावर."

पाळकसाहेबांनी खिशातून किल्ली काढली आणि दोन्ही हातांत धरून आईपुढे केली. "आमचं चुकलं, बाई. घ्या."

टाचणी उठायला गेली. आईने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि स्वतः उभी राहिली.

बारा वर्षांत शिवणबाई या हॉलात शिवणाशिवाय कशावर बोललेली कोणी ऐकली नव्हती.

"डावरीने मशिनं नेली," आई म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण शेवटच्या खिडकीपर्यंत गेला. "त्यांतली चार परत आली. माझी पेटी तुम्ही उघडलीत. ती कशी परत बंद करायची ते मला येत नाही."

पाळकसाहेबांचे हात तसेच पुढे होते.

"मंगळवारी इथे एवढी माणसं होती. यांतल्या निम्म्या बायकांना मी टीप घालायला शिकवलं. एक जण म्हणाली असती, ही असं करणार नाही, तर मला पुरलं असतं. पुरावा नको होता. नुसतं म्हणायचं होतं." ती पाळकसाहेबांच्या हातांकडे वळली. "किल्ली मी घेणार नाही. शिकवायला येईन, पोती शिवायला येईन. किल्ली दुसऱ्या कोणाकडे द्या."

"अहो बाई, असं काय..." गिरणीवाली पुटपुटली. पहिल्यांदाच तिचा आवाज गिरणीबाहेरच्या माणसासारखा आला.

पाळकसाहेबांनी सगळ्यांकडे बघितलं. "मग... कोण ठेवील?"

सायकलवाल्याने पायातली चप्पल नीट केली. पंच एकमेकांच्या पलीकडे बघू लागले. गिरणीवालीने पदर सारखा केला आणि तो सारखाच करत राहिली. ज्याच्या घरी किल्ली त्याच्या घरची पेटी, हे आता प्रत्येकाला कळलं होतं, न सांगता. खिडकीच्या गजांना धरून उभे असलेले दोघे हळूच मागे सरकले. इतक्या माणसांत एकही हात वर आला नाही.

टाचणीला आपल्या भाषणातलं एक अक्षर आठवेना. आठवायला हवं असंही वाटेना.

आई दारापर्यंत गेली होती. बाहेर आभाळ पुन्हा भरून आलं होतं, आणि रानात कापलेलं पीक तसंच पडून होतं.

"दीडशे पोती राहिलीत," ती मागे न बघता म्हणाली. "उद्या सकाळी आठला मी येईन. दार कोणीतरी उघडून ठेवा."